परदेशात नेत्रसेवेसाठी पहिल्यांदाच निघताय? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी, गडहिंग्लज या पट्ट्यातले नेत्रतज्ज्ञ, ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारे), नर्स आणि ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले टेक्निशियन जे प्रश्न फोनवर, कॉन्फरन्सच्या चहाच्या रांगेत किंवा रंकाळ्यावर फिरताना विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांब आहेत, काही एका ओळीची. काही थोडी कडकही वाटतील.

आपल्याकडेच एवढे मोतीबिंदू पडून असताना बाहेर कशाला जायचं?

रास्त प्रश्न आहे. चंदगड, आजरा किंवा गगनबावड्याच्या शिबिरात तुम्ही कधीच गेला नसाल, तर आधी तिथे जा. वाडीवस्तीवरच्या आजींना एसटीने ऑपरेशनसाठी आणायचं, दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची, पुन्हा तपासणीला बोलवायचं आणि त्या आल्या नाहीत तर कोणाला तरी घरी पाठवायचं. हे एकदा अंगाखालून गेलं की परदेशात काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येतो.

पण गरजेत फरक आहे. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतल्या कित्येक देशांत नेत्रतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि तेही बहुतेक राजधानीत. आपल्या जिल्ह्यात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, मेडिकल कॉलेजं आहेत, खाजगी दवाखाने तर गल्लीगणिक. शिवाय कमी खर्चात आणि कमी यंत्रांत भरपूर रुग्णांना चांगली दृष्टी कशी द्यायची, हे भारतातल्या नेत्रसेवेला जमलं आहे. १९७६ साली डॉ. जी. वेंकटस्वामींनी मदुराईत अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं आणि पुढे १९९२ मध्ये त्यांच्याच ऑरोलॅबने डोळ्यात बसवायच्या स्वस्त लेन्स बनवायला घेतल्या. त्या कामातून जे शहाणपण आलं, ते न्यूयॉर्कच्या डॉक्टरपेक्षा कोल्हापूरच्या डॉक्टरला जास्त सहज सांगता येतं, कारण वीज जाणं आणि पेशंटबरोबर सात नातेवाईक येणं आपल्याला नवीन नाही.

मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. माझा तिथे काय उपयोग?

बहुतेक ठिकाणी सर्जनपेक्षा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या दृष्टीविषयक अहवालातले आकडे बघा. जगात किमान २२० कोटी लोकांना दूरचं किंवा जवळचं कमी दिसतं. त्यातल्या किमान १०० कोटींचा त्रास टाळता आला असता किंवा त्यावर अजून इलाज झालेला नाही. या १०० कोटींपैकी ८२ कोटी ६० लाख लोकांना फक्त जवळचा चष्मा हवा आहे. दूरच्या चष्म्याविना अडलेले आणखी १२ कोटींच्या वर. मोतीबिंदूमुळे अडलेले साडेसहा कोटी.

तरीही टीम निघते तेव्हा तीन सर्जन आणि एक ऑप्टोमेट्रिस्ट, हेच प्रमाण दिसतं. फोटोत ऑपरेशन चांगलं दिसतं, दुसरं काय! पण चाळिशीतल्या शिंप्याला, शिक्षिकेला किंवा धान्य निवडणाऱ्या बाईला प्लस दीडचा चष्मा मिळाला की तिची कमाई त्याच दिवशी सावरते.

त्यापलीकडेही काम आहे. ऑपरेशनआधीची बायोमेट्री आणि केराटोमेट्री (डोळ्याची लांबी आणि बुबुळाची वक्रता मोजणं, त्यावरून लेन्सचा नंबर ठरतो) नीट झाली नाही तर सर्जनचा हात कितीही चांगला असो, निकाल बिघडतो. केराटोमीटर कॅलिब्रेट करणं, ए-स्कॅनचा (लांबी मोजणाऱ्या यंत्राचा) प्रोब डोळ्यावर न दाबणं आणि हे दोन्ही तिथल्या मुलांना शिकवणं हे तुमचंच काम. ओटी नर्स आणि टेक्निशियन यांनाही हेच लागू: ऑटोक्लेव्हचं (हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचं) इंडिकेटर रोज कोण बघतंय हा प्रश्न विचारणारा माणूस टीममध्ये असलाच पाहिजे.

माझं एमएस नुकतंच झालंय. तिकडे भरपूर केसेस मिळतात म्हणे, हात बसेल का?

नाही. हात बसवायला परदेशातला गरीब माणूस वापरायचा नाही. त्याचा बहुतेक वेळा दुसरा डोळाही गेलेला असतो आणि काही बिघडलं तर निस्तरायला जवळपास कोणी नसतं. इथे ज्या केसला तुम्ही सरांना शेजारी उभं करता, ती केस तिथे एकट्याने करायची नाही. एवढा नियम पुरेसा आहे.

शिकायला जायचं असेल तर तसं स्पष्ट सांगून फेलोशिपसाठी किंवा निरीक्षक म्हणून जा. त्यात कमीपणा नाही.

पहिल्यांदा कुठे जावं?

माझं मत विचाराल तर नेपाळ. भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, जेवण ओळखीचं, हिंदीवर निभावतं आणि काही घरगुती अडचण आलीच तर लवकर परतता येतं. मुख्य म्हणजे नेपाळची नेत्रसेवा स्वतःच्या पायावर उभी आहे. काठमांडूत डॉ. संदुक रुईत यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये सुरू झालेलं तिलगंगा नेत्र रुग्णालय, भैरहवाचं लुंबिनी नेत्र संस्थान, ‘लहान’ नावाच्या गावातलं आणि विराटनगरचं रुग्णालय: तराईतल्या रुग्णालयांत तर बिहार आणि उत्तर प्रदेशातले रुग्ण सीमा ओलांडून रांगा लावतात. म्हणजे तिथे जाऊन तुम्ही काही ‘देणार’ ही कल्पना पहिल्याच दिवशी गळून पडते, आणि पहिल्या खेपेला ते बरंच आहे.

मुंबईहून रेल्वेने गोरखपूर आणि पुढे सोनौली सीमा ओलांडली की भैरहवा लागतं. पावसाळा टाळा, डोंगरातले रस्ते खचतात. दसैं-तिहारच्या (तिथल्या दसरा-दिवाळीच्या) सुट्ट्याही बघून घ्या, कारण तेव्हा अर्धा स्टाफ गावी गेलेला असतो.

आफ्रिका दुसऱ्या खेपेला. तिथे इंग्रजी चालतं म्हणून केनिया, युगांडा, टांझानिया, मलावी हे देश सोपे वाटतात, पण कागदपत्रं, लसी आणि आजार यांची तयारी वेगळ्याच पातळीची लागते.

चांगली संस्था कशी ओळखायची?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो. लोक राहायची सोय विचारतात, वायफाय विचारतात.

संस्थेला पहिल्या फोनवरच विचारा: आम्ही निघून गेल्यावर या रुग्णांना कोण बघणार? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव, त्याचा हुद्दा आणि तपासणीच्या तारखा आल्या तर पुढे बोला. “स्थानिक टीम आहे ना” एवढंच उत्तर आलं तर थांबा. मोतीबिंदूनंतर जंतुसंसर्ग झाला तर तो बहुतेक वेळा पहिल्या आठवड्या-पंधरवड्यात डोकं वर काढतो. तोपर्यंत तुम्ही कावळा नाक्यावर परत आलेले असता. डोळ्यात इंजेक्शन देणारा माणूस आणि ती औषधं तिथे नसतील, तर ऑपरेशन करायचंच नाही.

दुसरा प्रश्न निकालांचा. मागच्या शिबिरातल्या किती डोळ्यांना किती दिसायला लागलं, याची नोंद आहे का? जागतिक आरोग्य संघटनेची जुनी मोजपट्टी आजही उपयोगी पडते: हाती असलेल्या चष्म्यासह ऑपरेशननंतर किमान ८० टक्के डोळ्यांना ६/१८ (निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसणं) किंवा त्याहून चांगलं दिसावं, आणि ६/६० पेक्षा कमी दिसणारे ५ टक्क्यांच्या आत असावेत. “आम्ही एका दिवसात इतकी ऑपरेशनं केली” असं अभिमानाने सांगणाऱ्या संस्थेकडे हा हिशेब नसेल, तर तो आकडा कौतुकाचा नाही, काळजीचा आहे.

तिसरं म्हणजे बोलावणं कोणाचं? स्थानिक रुग्णालयाने किंवा सरकारी नेत्र कार्यक्रमाने लेखी बोलावलं असेल तर उत्तम. टीम परस्पर जाऊन शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडणार असेल तर त्या गावात तुटपुंज्या कमाईवर दवाखाना चालवणाऱ्या नेत्रकर्मचाऱ्याचा धंदा आपण फुकट सेवेने बुडवतो, हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आपल्या शेजारचं उदाहरण द्यायचं तर मिरजेचं. डॉ. विल्यम वानलेस कॅनडातून आले, १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं, इथल्या तरुणांना शिकवलं आणि जवळजवळ सगळी कारकीर्द इथेच काढली. आपण दोन आठवड्यांसाठी जाणार. तेव्हा जे कायम तिथे राहणार आहेत, त्यांच्या हाताखाली काम करायची तयारी हवी.

हाताखाली म्हणजे? मी वीस वर्षं प्रॅक्टिस केली आहे.

म्हणूनच सांगतो. पूर्व आफ्रिकेत आणि मलावीत अनेक ठिकाणी मोतीबिंदूचं ऑपरेशन एमबीबीएस नसलेले, खास प्रशिक्षण घेतलेले क्लिनिकल ऑफिसर करतात. त्यांच्यातल्या कित्येकांचा काळ्याकुट्ट, दगडासारख्या मोतीबिंदूवरचा हात आपल्यापेक्षा सराईत असतो. पहिले दोन दिवस त्यांच्या ओटीत नुसतं उभं राहा. कुठली कात्री चालते, कुठला मायक्रोस्कोप डावीकडे सरकतो, डोळा बधिर करणारा ब्लॉक कोण देतं, सगळं कळतं.

फेको (मशीनने मोतीबिंदू फोडून काढणं) येतं, एसआयसीएस (लहान छेदातून हाताने काढणं) सोडून बरीच वर्षं झाली. चालेल?

निघण्याआधी इथे हात पुन्हा चालू करा. फेकोचं मशीन, त्याचे पॅक, दुरुस्तीचा माणूस यातलं काही तिथे गृहीत धरू नका, आणि असलं तरी पूर्ण पिकलेल्या मोतीबिंदूत लहान छेदाची विनाटाक्याची शस्त्रक्रियाच बहुधा जास्त सुरक्षित ठरते. ट्रायपॅन ब्लू हा लेन्सचं आवरण रंगवून दाखवणारा रंग सोबत हवाच. इथिओपियासारख्या ठिकाणी स्यूडोएक्सफोलिएशन (डोळ्याच्या आत पांढरट कोंडा साचणं) भरपूर दिसतं, म्हणजे बाहुली मोठी होत नाही आणि झोन्यूल (लेन्सला धरणारे धागे) कमकुवत. अशा केसला वेळ द्या, यादीत दिवसाला किती नावं लिहिली आहेत ते विसरा.

आपल्याकडे न दिसणारं असं तिथे काय दिसेल?

तीन गोष्टी मुद्दाम वाचून जा.

पहिली, ट्रॅकोमा (खुपऱ्या). भारतातून तो सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये जाहीर केलं. नेपाळने हे २०१८ मध्येच साधलं होतं. त्यामुळे आपल्या तरुण डॉक्टरांनी पापणी आत वळून केस बुबुळावर घासणारा पेशंट क्वचितच पाहिलेला असतो. इथिओपियात तो रोज दिसेल. या पापणीच्या ऑपरेशनसाठी तिथल्या कार्यक्रमांत वेगळं प्रशिक्षण आणि परीक्षा असते. “प्लास्टीचा अनुभव आहे” म्हणून सुरी हातात घेऊ नका.

दुसरी, पूर्व आफ्रिकेतला डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा कर्करोग. एचआयव्हीशी त्याचा जवळचा संबंध आहे आणि तो तरुण वयात दिसतो. आपल्याला वेल म्हणजे टेरिजियम रोज बघायची सवय, त्यामुळे नजर फसते. वेलीसारखं काढून टाकून दिलं आणि बायॉप्सी पाठवली नाही, असं होऊ देऊ नका.

तिसरी, काचबिंदू. आफ्रिकी वंशाच्या लोकांत तो लवकर येतो आणि जास्त वेगाने नजर खातो. पेशंट येतो तेव्हा एक डोळा संपलेला असतो. इथल्या सवयीने तीन प्रकारचे थेंब लिहून देऊ नका. महिन्याभरानंतर ती बाटली गावात मिळणार नसेल तर त्या चिठ्ठीला अर्थ नाही. शस्त्रक्रिया किंवा लेझर कुठे होतं ते आधी विचारा.

पश्चिम आफ्रिकेत सुईने मोतीबिंदू मागे ढकलणारे फिरते वैदूही अजून भेटतात. सुश्रुतसंहितेत जे वर्णन आपण अभिमानाने सांगतो, त्याच जातीच्या उपचाराचे परिणाम ओपीडीत समोर बसलेले बघणं हा वेगळाच अनुभव.

कागदपत्रं कोणती लागतील?

पासपोर्टसाठी कोल्हापुरातच पोस्टातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला जायची गरज सहसा पडत नाही. लहान मुलांबरोबर काम असेल तर संस्था पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागते. तेही पासपोर्ट सेवेतूनच निघतं.

डॉक्टरांना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (नोंदणी चालू आहे, कारवाई नाही असा दाखला) लागेल. त्याशिवाय त्या देशाच्या कौन्सिलची तात्पुरती नोंदणी. ही नेपाळमध्येही लागते. शेजारी देश, सेवा फुकट, म्हणून कायदा बाजूला होत नाही. ऑप्टोमेट्रिस्टनी पदवी, गुणपत्रिका आणि नोकरीच्या ठिकाणचं पत्र तयार ठेवावं. सरकारी नोकरीत असाल तर परवानगीचा अर्ज सगळ्यात आधी टाका, कारण सगळ्यात उशिरा तोच सुटतो.

टुरिस्ट व्हिसावर चालतं, असं एकाने सांगितलं.

त्याचं नशीब चांगलं होतं. बिनपगारी काम हेसुद्धा बऱ्याच देशांत कामच धरलं जातं. यजमान रुग्णालयाकडून योग्य परवान्याचं नाव लेखी घ्या.

विमा?

दोन वेगळे. प्रवासी विम्यात वैद्यकीय काम करताना झालेली इजा आणि आजारी पडल्यास विमानाने हलवण्याचा खर्च येतो का, हे एजंटला ईमेलवर विचारा, तोंडी नको. दुसरा व्यावसायिक जबाबदारीचा. आपल्या नेहमीच्या इंडेम्निटी पॉलिसीत भौगोलिक मर्यादेचं कलम असतं आणि ते बहुधा भारतापुरतंच.

लसी आणि गोळ्या?

पिवळ्या तापाची लस ठरावीक केंद्रांवरच मिळते. मुंबई आणि पुण्यात ती आहेत. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते, आणि २०१६ पासून तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. ते पिवळं पुस्तक हरवू नका. बाधित देशातून त्याशिवाय परतलात तर आपलेच अधिकारी विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. वय साठच्या पुढे असेल किंवा अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर आधी फिजिशियनशी बोला.

हिपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत एवढ्यावर समाधान मानू नका, रक्तातलं अँटिबॉडीचं प्रमाण (टायटर) तपासा.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांत डॉक्सिसायक्लिन स्वस्त, पण उन्हाचा त्रास होतो आणि परतल्यावर चार आठवडे घ्यावी लागते. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस. मेफ्लोक्विनने काहींना चक्कर येते आणि मन अस्वस्थ होतं. मायक्रोस्कोपखाली बसणाऱ्याने ती टाळलेली बरी.

काम करताना सुई टोचली तर?

हे निघण्याआधी ठरवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत सुरू आणि २८ दिवस पूर्ण. ती यजमानांकडे आहेत का ते विचारा. नसतील तर पहिल्या काही दिवसांचा साठा सोबत न्या.

जुने चष्मे गोळा करून नेऊ का? आमच्या मंडळाने पोतंभर जमवलेत.

मंडळाचा उत्साह मोडवत नाही, पण नेऊ नका. कोणाचा तरी मायनस दोन, वर सिलिंडर, वेगळा अक्ष, दोन बाहुल्यांमधलं अंतर (पीडी) वेगळं. दुसऱ्याच्या डोळ्याला तो जुळणं म्हणजे योगायोग. ते पुसणं, मोजणं, वर्गवारी करणं आणि विमानाचं वजन यात जेवढा पैसा जातो, तेवढ्यात नवे तयार जवळचे चष्मे येतात. मंडळाला तेवढ्याचीच वर्गणी काढायला सांगा. त्याहून बरं म्हणजे तिथल्याच चष्मेवाल्याकडून विकत घ्या, काच फुटली तर पेशंटला जायला दुकान राहतं.

औषधं, लेन्स आणि उपकरणं कशी न्यायची?

आधी यजमानांकडून यादी घ्या, मग खरेदी. औषधांची मुदत पोहोचल्यावर किमान एक वर्ष उरलेली असावी, हा औषधदानाचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. मुदत संपत आलेले सॅम्पल म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात. लेन्स सगळ्या पॉवरच्या न्या. सगळ्यांना एकच पॉवर बसवायचे दिवस गेले.

ब्लेड आणि टोकदार हत्यारं चेक-इन बॅगेत, लिथियम बॅटरी मात्र हातातल्या बॅगेत. इनडायरेक्ट ऑप्थल्मोस्कोपची बॅटरीही त्यात आली. महागडी उपकरणं परत आणायची असतील तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर स्वतःच्याच यंत्रावर ड्युटीची चर्चा करत बसाल. अनुक्रमांकांची यादी आणि यजमानांचं पत्र प्रत्येक बॅगेत ठेवा.

केनिया, युगांडा, टांझानिया, मलावीत तीन चौकोनी पिनांचा प्लग लागतो. अडॅप्टर दोन घ्या, एक ओटीत राहतोच.

खर्च कोण करतं?

तिकीट, व्हिसा, विमा, लसी बहुधा स्वतः. राहणं-जेवणं बहुधा यजमान. त्यावर भरमसाट ‘सहभाग शुल्क’ मागणाऱ्याला तो पैसा कुठे जातो हे विचारा.

मुंबईला विमान पकडायला कधी निघू?

रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून त्याच दिवशीचं विमान गाठणारे आहेत. मी मध्ये पूर्ण एक दिवस ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये तर नक्कीच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता.

भाषेचं काय?

दुभाषा असतो, पण ब्लॉक दिल्यावर आणि मायक्रोस्कोपखाली त्याची वाट बघता येत नाही. वर बघा, खाली बघा, हलू नका, दुखतंय का, एवढं पाठ करा. नेपाळीत ‘माथि हेर्नुस्’, ‘तल हेर्नुस्’. स्वाहिलीत ‘आंगालिया जू’, ‘आंगालिया चिनी’. उच्चार तिथल्या नर्सकडून घोटून घ्या, त्या हसतात आणि ओळखही होते.

फोटो काढले तर चालतील?

पेशंटच्या भाषेत, ऑपरेशनच्या आधी परवानगी घेतली असेल तर. पट्टी काढतानाचा रडका चेहरा तुमच्या स्टेटससाठी नाही. इथल्या पेशंटचा टाकाल का?

ऑर्बिस या नेत्रसेवा संस्थेच्या विमानातल्या हॉस्पिटलात जाता येईल का?

पहिल्याच खेपेला अवघड. तिथले स्वयंसेवक शिकवायला येतात, त्यामुळे अनुभवी लागतात. पण ऑर्बिसचं सायबरसाइट हे ऑनलाइन शिक्षण मोफत आहे, ते आजपासून सुरू करा.

घरचे म्हणतात, तिकडे कशाला मरायला जातोस?

यजमान डॉक्टरशी त्यांचं व्हिडिओ कॉलवर बोलणं करून द्या. आईला जेवणाची काळजी असते. चटणी, भडंग आणि मेतकूट सोबत घेतलं की तोही प्रश्न सुटतो. कांदा-लसूण मसाल्याची पुडी मात्र घट्ट बांधा, ओटीच्या कपड्यांना वास लागतो.

परत आल्यावर काही काळजी?

पुढचे तीन महिने ताप आला तर तो पावसाळ्यातला ताप समजून क्रोसिन घेत बसू नका. त्याच दिवशी रक्ताची मलेरिया तपासणी करा आणि डॉक्टरांना “आफ्रिकेतून आलोय” हे पहिल्या वाक्यात सांगा. फाल्सिपेरम हा मलेरियाचा जीवघेणा प्रकार वाट बघत नाही. आणि पहिल्या महिन्यात तिकडच्या क्लिनिकल ऑफिसरला आठवड्यातून एकदा फोन करा, ऑपरेशनच्या यादीतलं एकेक नाव घेऊन विचारा. जे पेशंट तपासणीला आले नाहीत, त्यांना शोधायला माणूस पाठवायचा खर्च किरकोळ असतो. तो तुम्ही पाठवा.